रंग खाली आहेत

चित्रकलेत नापास होणारं पोर एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पाहण्यात नव्हतं. गणितात होतात, फ्रेंचमध्ये तर रांगेनं होतात. पण चित्रकलेत कागदावर चार रेघा ओढल्या की वीसपैकी बारा मिळतात, हा मोरोक्कोतल्या आमच्या फेझ शहरातल्या शाळांचा अलिखित कायदा. तो मी मोडला. बतूल नावाच्या मुलीला मी सहा मार्क दिले, आणि का दिले असं कुणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं.

विचारलंच. बुधवारी मधल्या सुटीत गणिताच्या लल्ला वफा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात मार्कांचा कागद. आमच्याकडे मानानं बाईंना लल्ला म्हणतात, बाप्यांना सी.

"सी अब्देलहक, हा आकडा चुकून पडलाय का?"

"कुठला?"

"बतूलचा. सहा. अहो, चित्रकलेत सहा? त्या इलियासला तेरा दिलेत तुम्ही, आणि त्यानं वर्षभर नुसता फुटबॉल काढलाय."

"फुटबॉल गोल होता. गोल मीच शिकवला होता."

"थट्टा नको. पोरगी आधीच एकदा नापास झालेली आहे. यंदा सरासरी दहाच्या खाली गेली की शाळेतून नाव कमी, कायमचं. मी ओढूनताणून आठ दिलेत, आणखी दिले तर गणितच रडायला लागेल. तुमच्याकडे चौदा मिळाले तर ती निघते. शनिवारी दहाला बैठक आहे. काय ते बघा."

"काम दाखवलं तर देईन ना! रंगाच्या विषयात रंगच लावत नाही ती. मी काय हवेला मार्क देऊ?"

"का लावत नाही?"

"ते मला कळलं असतं तर मी इथे डोकं धरून बसलो असतो का?"

लल्ला वफा गेल्या. मी किटलीतला चहा ओतून घेतला. थंड झाला होता.

माझी शिकवण्याची रीत साधी आहे. पहिल्या वर्षाची पोरं, बारा-तेरा वर्षांची, वर्गात बेचाळीस आणि नळ एक. म्हणून ओलं काम घरी, कोरडं काम वर्गात. आधी ठिपका, मग रेघ, मग आकार, आणि थंडी सरली की रंग. उबदार रंग पुढे येतात, थंड रंग मागे सरतात. उजळाशेजारी गडद ठेवला तर दोघंही बोलतात, दोन गडद शेजारी ठेवले तर दोघंही मुके होतात. हे शेवटचं वाक्य मी वर्षातून पन्नास वेळा म्हणतो, आणि पोरं माझी नक्कल करतात ती ह्याच वाक्यावर, नाक वर करून.

रंगांचं पहिलं गृहपाठाचं काम असं होतं: कागद रंगवायचा, त्याचे तुकडे कापायचे, तुकड्यांची नक्षी जुळवायची. एक्केचाळीस पोरांनी एक्केचाळीस गोधड्या आणल्या. बतूलनं जे आणलं ते दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, भट्टीवर भाकरीची फळी नेतात तसं. तिनं ते माझ्या टेबलावर हलकेच ठेवलं. आमच्याकडे साखरेची सुळक्यासारखी ढेप मिळते, तिला गुंडाळलेला असतो तो निळा कागद खाली, आणि त्यावर पांढऱ्या तुकड्यांची आठ टोकांची चांदणी. सांधे असे की सुई शिरणार नाही. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीची बारीक खूण: कुठे फुली, कुठे टिंब, कुठे दोन रेघा. रंगाचा मात्र पत्ता नाही.

"बतूल, रंग कुठे आहेत?"

"खाली आहेत, उस्ताद."

मी खाली पाहिलं. टेबल होतं. वर्ग खिदळला. इलियासनं तर बाकाखाली डोकं घातलं आणि ओरडला, "उस्ताद, इथे फक्त च्युइंगम आहे!"

मला वाटलं पोरगी माझी फिरकी घेतेय. पण फिरकी घेणाऱ्याचं तोंड मी ओळखतो, पुष्कळ पाहिलीयत. हिचं तोंड तसं नव्हतं. ती टेबलापाशी उभी होती, हात पाठीमागे बांधून, माझ्या हातांकडे बघत.

"काय हवंय?"

"काही नाही, उस्ताद."

"मग जाग्यावर जा."

गेली. आता माझी एक सवय सांगतो. पोरांचं काम मी त्याच तासाला पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतो, सुताराच्या पांढऱ्या गोंदानं, भरपूर. एका वर्षी तपासनीस आले त्या दिवशीच खिडकी उघडी राहिली आणि वर्षभराचे कागद अंगणभर उडाले. तेव्हापासून माझ्या खोलीत काही सुटं राहत नाही. बतूलचं कामही मी उचललं, निळ्या कागदाच्या बाजूला गोंद फासला आणि पुठ्ठ्यावर दाबलं. तेव्हा तिनं तोंड उघडलं होतं. मला आठवतंय, कारण मी तिला म्हटलं होतं, "काय गं?" आणि तिनं ते परत मिटलं.

दुसरं काम तसंच. तिसरं तसंच. नक्षी दर वेळी नवी आणि अधिक अवघड, खुणा दर वेळी अधिक दाट, आणि रंग शून्य. मी उबदार-थंड पुन्हा समजावलं, तिला एकटीला बसवून समजावलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पांढरी चांदणी. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! मग वाटलं, हिला रंग दिसतच नसतील. वीस पट्ट्या तिच्यापुढे टाकल्या. तिनं एकोणीस पटापट सांगितल्या. विसाव्या निळ्याला तिनं एक नाव घेतलं जे मी कधी ऐकलंच नव्हतं.

"हे कुठलं नाव?"

"भट्टीचं, उस्ताद. जास्त भाजला की असा होतो."

म्हणजे रंग दिसतात. नावं माझ्यापेक्षा जास्त येतात. मग लावत का नाही? मी चिडलो की माझा आवाज बारीक होतो, तसा झाला.

"हे तुकडे तुझे बाबा कापून देतात का?"

"नाही. बाबा कात्रीला हात लावत नाहीत."

"मग सरळ सांग ना मला, रंग कधी लावणार आहेस?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. शेवटी पुटपुटली, "लावलेत की."

अशी पाच कामं झाली. सहावं, वर्षाचं शेवटचं, तिनं आणून ठेवलं तेव्हा मी बघितलंसुद्धा नाही. गोंदाचा डबाही संपला होता. टेबलावर होतं त्यावर मी किटली ठेवली, आणि तपासून न बघता मार्कांच्या कागदावर सहा लिहून टाकले. एका कामाला एक, असा हिशोब रागात सुचला.

लल्ला वफांनी डोक्याला भुंगा लावला, म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या बापाला भेटायला निघालो. खरं सांगायचं तर तक्रार करायलाच. बाप झलीजचा कारागीर, चकाकत्या फरशीचे बारीक तुकडे जुळवून कारंजी आणि भिंती मढवणारा, आणि लोक त्याला मालेम थामी म्हणतात. मालेम होणं सोपं नाही. हाताखाली माणसं तयार केल्याशिवाय कुणी त्या नावानं हाक मारत नाही.

कुंभारवाड्याच्या टोकाला त्याची शेड होती. तो जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि तुकडे मांडत होता. मला पाहून उठू लागला.

"बसा, बसा, मालेम. मी बतूलचा चित्रकलेचा मास्तर."

"अरे! तुम्ही उस्ताद अब्देलहक!" त्यानं हात छातीला लावला. "आमचं भाग्य. अल्लाह तुमच्या आई-वडिलांवर दया करो, काय शिकवता हो पोरीला! दोन गडद शेजारी ठेवले तर दोघंही मुके होतात. आमच्या घरात रोज ऐकतो. आम्ही हे हातानं करत आलो, कुणी असं बोलून दाखवलं नव्हतं. चहा घ्या."

मी तक्रार गिळली. तो चहा करायला वळला तेव्हा मी जमिनीकडे पाहिलं. दोन हात लांब, दोन हात रुंद नक्षी मांडलेली होती. सगळी मातकट, भाजलेल्या विटेच्या रंगाची. एक तुकडा रंगीत नाही.

"मालेम," मी विचारलं, "ह्याचे रंग कुठे आहेत?"

"खाली," तो चहात साखर फोडत म्हणाला.

माझा हात पेल्याकडे निघाला होता, तो तसाच राहिला.

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे जमिनीकडे, उस्ताद. झलीज पालथाच मांडतात. रंगाचं तोंड खाली, पाठ वर. पाठीवर गिलावा ओततात, तो सुकला की अख्खी नक्षी उलटतात. वरून मांडला तर पृष्ठभाग कधी सपाट येत नाही. तुम्ही फेझचे ना?"

"फेझचाच. भिंतीवर लागलेलाच पाहिलाय."

"सगळे तिथेच बघतात," तो हसला.

"मग मांडणाऱ्याला कसं कळतं, काय मांडतोय ते?"

"डोक्यात ठेवायचं. बतूल अजून लहान आहे, ती पाठीवर खुणा करते. फुली म्हणजे पिवळा, टिंब म्हणजे हिरवा. मी म्हणतो, कर बाई, सुटेल सवय."

मी पाचही पुठ्ठे डोळ्यापुढे आणले. पांढऱ्या पाठी, पेन्सिलीच्या खुणा. आणि निळा कागद... म्हणजे तो कागद मांडणीचा पाया नव्हताच. तो तोंडावर चिकटवलेला होता, तुकडे हलू नयेत म्हणून. सुकल्यावर काढून टाकायचा कागद.

"पण मालेम, तिनं मला सांगायचं नाही का? एकदा तरी म्हणायचं, उस्ताद, उलटा!"

थामीनं पेला खाली ठेवला. थोडा गंभीर झाला.

"ते ती म्हणणार नाही. आमच्या शेडमध्ये तसा रिवाज आहे. मांडणारा मांडतो, उलटतो तो मालेम. मालेमला कुणी 'उलटा' म्हणायचं नाही, ते त्याला त्याचं काम शिकवल्यासारखं होतं. मी माझ्या गुरूपाशी एकदा म्हणालो होतो. सहा महिने नुसती माती तुडवली." मग तो माझ्याकडे झुकला. "रोज घरी येते ती. मी विचारतो, उलटलं का गं उस्तादांनी? म्हणते, अजून नाही, पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलंय. मी म्हणतो, धीर धर. मोठा मालेम घाई करत नाही."

मी चहा तसाच ठेवून उठलो. मला लाज वाटली, साधी, सरळ, कान तापवणारी लाज. त्याला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

घरी जाण्याआधी शाळेतून पाचही पुठ्ठे काखेत मारून आणले. स्वयंपाकघरात पाणी उकळलं, वाफेवर धरलं, ओल्या फडक्यानं पुसलं, सुरीच्या टोकानं उचकटलं. सुताराचा गोंद निळ्या कागदातून आत झिरपून रंगापर्यंत पोचला होता आणि चार महिन्यांत दगड झाला होता. कागद ओढला की रंगाची साल त्याच्यासकट निघायची. पहिलं काम गेलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. वाटायचं, पुढचं तरी निघेल. पाचव्यातून अंगठ्याएवढा एक पिवळा तुकडा धड निघाला. केशरासारखा पिवळा, वर मेणाची चमक. बाकी ओट्यावर लगदा. बायको म्हणाली, "हे काय मांडलंय?" मी म्हटलं, "माहीत नाही." खोटं नव्हतं. त्या पाच कागदांवर काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

शनिवारी पहिला तास त्याच वर्गाचा होता. मी लल्ला वफांना बोलावून घेतलं. बैठकीत साक्ष लागली असती. गोंदाचा नवा डबा आणला, किटली उचलली. सहावं काम जाग्यावर होतं, वर चहाचा एक गोल डाग. दोन्ही हातांवर घेऊन मधल्या टेबलावर ठेवलं. पोरं भोवती गोळा झाली. बतूल मागे राहिली, हात पाठीमागे बांधून.

"बतूल, पुढे ये. हे आता उलटायचंय. मला येत नाही. कसं करू सांग."

ती लाल झाली. "असं सांगायचं नसतं, उस्ताद."

"तुझ्या बाबांना नसतं सांगायचं. मी मालेम नाहीये, नुसता मास्तर आहे, आणि जरा मठ्ठ आहे. सांग."

इलियास फिसकन हसला. लल्ला वफांनी त्याच्या डोक्यात टपली मारली.

बतूल हळू आवाजात सांगत गेली. पांढऱ्या बाजूला गोंद. पातळ. पुठ्ठा वरून. दाबा. अजून. आता सगळंच उलटं करा. मी केलं. आता निळा कागद वर होता. आता पाणी, उस्ताद, फडक्यानं. मी ओलं फडकं फिरवलं आणि निळं पाणी टेबलावरून ओघळून माझ्या बुटांवर पडलं. गुरुवारचा ओटा आठवला, मी फडकं उचललं.

"रंग जातोय, बतूल!"

"तो साखरेच्या कागदाचा आहे. आतले मी मेणबत्तीनं घासलेत. ओढा. कोपऱ्यापासून."

"तू ओढ."

"नाही. तुम्हीच."

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि कोपरा धरला. कागद आला. अख्खा, एकदम, ओल्या कातड्यासारखा. खाली चांदणी होती. मध्यभागी केशरी आणि पिवळे, सरळ अंगावर येणारे. बाहेर थंड रंग, पायरी पायरीनं मागे सरकत गेलेले, उजळापासून गडदापर्यंत नऊ पायऱ्या. मी वर्षभर जे जे बडबडलो होतो ते सगळं तिथे होतं, एक शब्दही वाया गेला नव्हता. इलियासनं पुढच्याला बाजूला सारून मान आत घातली.

"या अल्लाह," लल्ला वफा म्हणाल्या. मग पेन काढलं. "किती लिहू?"

"सोळा."

"अठरा लिहा की!"

"सोळा. एक चूक आहे." चूक होती, मला दिसली होती. चांदणीच्या आठही टोकांना गडद निळा होता आणि त्याच्या शेजारी गडद हिरवा. टोकं बुडून गेली होती. जरा लांबून पाहिलं तर चांदणीला टोकं आहेत हेच कळत नव्हतं.

सोळा पुरेसे होते. लल्ला वफांनी आकडा लिहिला, खाली माझी सही घेतली आणि घाईघाईनं बैठकीला गेल्या. पोरीचं नाव शाळेत राहिलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. मी बतूलकडे वळलो, शाबासकी द्यायला.

ती चांदणीकडे बघत होती. टेबलाच्या ह्या बाजूनं, मग त्या बाजूनं, मग दोन पावलं मागे जाऊन. आणि तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की हे काम तीही आत्ता पहिल्यांदाच बघतेय. मांडताना तोंड खाली होतं. हे सहावं. आधीच्या पाचांपैकी तिनं एकही पाहिलेलं नव्हतं.

"उस्ताद," ती म्हणाली, "टोकं मुकी झाली."

"हो. निळ्याशेजारी हिरवा नको होता."

"सगळ्यांत असंच केलंय मी. पहिल्यापासून. टोकाला नेहमी निळा, शेजारी हिरवा." तिनं मान वर केली. रागावलेली नव्हती. नुसती विचारत होती, नवीन काही शिकताना विचारतात तसं. "पहिलं उलटलं असतंत, तर दुसऱ्यातच सुधारलं असतं ना मी?"

खिशात तो पिवळा तुकडा होता. मी तो मुठीत धरून उभा राहिलो.

"हो," मी म्हटलं. "दुसऱ्यातच."